तोच वायू, दोन वेग : कार्बन मोनॉक्साइडच्या कंपन-शिथिलनाचे प्रकरण

1960च्या दशकात कार्बन मोनॉक्साइडबद्दल दोन प्रकारच्या प्रयोगांनी दोन वेगळी उत्तरे दिली. प्रश्न एकच होता. या रेणूच्या कंपनातली ऊर्जा आणि त्याच्या धावण्या-गिरकण्यातली ऊर्जा यांचा मेळ बसायला, म्हणजे कंपनाचे शिथिलन व्हायला, किती वेळ लागतो? शॉक ट्यूबमध्ये थंड वायू एका क्षणात तापवायचा आणि कंपन जागे व्हायला लागणारा वेळ मोजायचा, ही एक रीत. आधीच तापलेला वायू नॉझलमधून सुसाट पसरू द्यायचा आणि तो थंड होताना कंपन कसे निवते ते पाहायचे, ही दुसरी. दुसऱ्या रीतीने मिळणारे शिथिलन कितीतरी वेगवान निघत होते. काही नोंदींत फरक शंभरपटीच्याही पुढे गेला होता. या क्षेत्रात दुपटीच्या फरकाने कोणाची झोप उडत नाही. शंभरपट म्हणजे मात्र एकतर मोजणारा चुकतो आहे किंवा समीकरण.

समीकरण साधे होते. लांडाउ आणि टेलर यांनी 1936 साली मांडलेल्या चित्रात कंपनऊर्जा तिच्या समतोल पातळीपासून जितकी दूर, तितक्या वेगाने ती तिकडे सरकते. या सरकण्याचा शिथिलनकाळ ठरतो तो फक्त वायूचा दाब आणि तापमान यांवरून. ऊर्जा कंपनात शिरते आहे की बाहेर पडते आहे, याने काही बिघडत नाही. चढतानाचा आणि उतरतानाचा दर तपशीलवार समतोलाच्या तत्त्वाने (समतोलात प्रत्येक बदल आणि त्याचा उलटा बदल सारख्याच वेगाने घडतात) एकमेकांना बांधलेले असतात. नॉझलचे आकडे खरे मानले, तर ही बांधणीच सैल करावी लागणार होती. आणि प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. वातावरणात परतणाऱ्या यानासमोरचा वायू, रॉकेटच्या नॉझलमधला प्रवाह, त्याच दशकात पुढे आलेला गॅस-डायनॅमिक लेझर, या सगळ्यांच्या हिशेबात हाच काळ घालावा लागतो. त्या लेझरचे तर सगळे भांडवलच नॉझलमध्ये गोठून राहिलेले, म्हणजे वायू थंड झाला तरी न निवलेले, नायट्रोजनचे कंपन हे होते.

शॉक ट्यूबमधला एक शॉट

शॉक ट्यूबची रचना सांगायला दोन वाक्ये पुरतात. लांब नळीत आडवा एक पातळ पडदा, एका बाजूला जास्त दाबाचा हलका चालक वायू (हेलियम किंवा हायड्रोजन), दुसऱ्या बाजूला कमी दाबाचा परीक्ष्य वायू. पडदा फाटला की परीक्ष्य वायूत आघात तरंग (शॉक) धावत सुटतो आणि मागचा वायू तापवत जातो.

खरी गंमत या तरंगाच्या जाडीत आहे. रेणू दोन टकरींच्या मधे सरासरी जेवढे अंतर कापतो, त्याच्या जेमतेम काही पट ही जाडी असते. एवढ्या अवकाशात रेणूंच्या धावण्याची आणि गिरकण्याची ऊर्जा नव्या तापमानाला जुळून जाते. कंपन मात्र मागे राहते, कारण कार्बन मोनॉक्साइडचा बंध ताठ आहे. त्याच्या कंपनाचे वैशिष्ट्यपूर्ण तापमान सुमारे 3080 केल्विन येते. बहुतेक टकरी या बंधाला हलवूच शकत नाहीत. म्हणून आघाताच्या लगेच मागे असा वायू मिळतो, जो धावण्याच्या दृष्टीने दोन हजार केल्विनवर आहे आणि कंपनाच्या दृष्टीने अजून खोलीच्या तापमानावर. एवढा स्वच्छ असमतोल दुसऱ्या कोणत्याही साध्या उपकरणात मिळत नाही.

एक शॉट, म्हणजे पडदा फाडून केलेला एक प्रयोग, हिशेबाने पाहू. शुद्ध कार्बन मोनॉक्साइड, सुरुवातीचा दाब 10 टॉर (760 टॉर म्हणजे 1 ॲटमॉस्फिअर), तापमान 298 केल्विन, आघाताचा माख अंक 5.5, म्हणजे वायूतल्या ध्वनीच्या साडेपाच पट वेग, सेकंदाला सुमारे 1.9 किलोमीटर. कंपन अजून झोपलेले धरून नेहमीची आघात-सूत्रे लावली, तर तापमान 6.8 पट होऊन सुमारे 2030 केल्विनला पोचते, दाब 35 पट वाढून 0.46 ॲटमॉस्फिअर होतो आणि घनता 5.15 पट होते. रेणूची कंपनऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच वाढते; आघाताआधी लाखात तीनच रेणू तळावरून उठून कंपनाच्या पहिल्या पायरीवर होते. समतोल बसल्यावर शंभरातले पंधरा तिथे असतील. ही चढण बघायची आहे.

रॉजर मिलिकन आणि डोनाल्ड व्हाइट यांनी 1963 साली वेगवेगळ्या वायूंचे तोवरचे आकडे एकत्र करून एक सूत्र दिले. दाब आणि शिथिलनकाळ यांच्या गुणाकाराचा लॉगॅरिदम तापमानाच्या उणे एक-तृतीयांश घातावर सरळ रेषेत पडतो, आणि रेषेचा चढ रेणूंचे समानीत वस्तुमान (टकरणाऱ्या जोडीच्या वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज) व कंपनाचे वैशिष्ट्यपूर्ण तापमान यांवरून काढता येतो. सूत्र अनुभवावर बेतलेले आहे, पण विलक्षण टिकाऊ निघाले. आजही मोजलेला आकडा हाताशी नसला की लोक तिकडेच वळतात. त्याप्रमाणे 2030 केल्विनला हा गुणाकार सुमारे 165 मायक्रोसेकंद-ॲटमॉस्फिअर येतो. आपल्या शॉटमध्ये दाब 0.46, म्हणजे शिथिलनकाळ साधारण 360 मायक्रोसेकंद.

ऑसिलोस्कोपवर मात्र 360 दिसणार नाहीत. दिसतील सुमारे 70. नवशिक्याची इथे हमखास फसगत होते. निरीक्षणाची खिडकी नळीला जडलेली आहे आणि तापलेला वायू आघाताच्या मागोमाग, त्याच्या सुमारे 80 टक्के वेगाने धावतो आहे. खिडकीवरून आघात गेल्यानंतर 70 मायक्रोसेकंदांनी जो वायू समोर येतो, तो खिडकीपाशी तापलेला नसतो. तो बराच मागे तापला आणि मग धावत इथवर आला. त्याचे स्वतःचे तापलेले वय घनतेच्या गुणोत्तराइतक्या पटीने जास्त असते, इथे 5.15 पट. प्रयोगशाळेचा वेळ आणि वायूचा वेळ यांतला हा गुणक विसरला, तर शिथिलन पाचपट वेगवान असल्याचा शोध लागतो.

दुसरी अडचण इतकी ढोबळ नाही. कंपनात शिरणारी ऊर्जा बाहेरून येत नाही, ती धावण्याच्या ऊर्जेतूनच जाते. त्यामुळे समतोल बसेपर्यंत वायू 2030वरून साधारण 1840 केल्विनपर्यंत थंड होतो आणि अधिक दाट होतो. 1840 केल्विनला तोच गुणाकार 280च्या आसपास जातो. म्हणजे एकाच आलेखाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा शिथिलनकाळ दीडपटीहून जास्त वेगळा. लॉग कागदावर सगळ्या बिंदूंतून एक सरळ रेषा ओढून त्या चढाला शिथिलनकाळ म्हणणे सोपे आहे, पण तो काळ कोणत्या तापमानाचा, हे मग सांगता आले पाहिजे. माझ्या मते जुन्या निबंधांतल्या आकड्यांची तुलना करण्याआधी ही एकच गोष्ट तपासली, तरी निम्मे मतभेद तिथेच विरतात. नळीच्या भिंतीलगत वाढणारा सीमास्तर, म्हणजे भिंतीमुळे मंदावलेला वायूचा थर, हाही मागच्या प्रवाहाची परिस्थिती हळूहळू बदलत नेतो. त्याची दुरुस्ती निरीक्षणाचा काळ लांबला की करावीच लागते.

चढण दिसते कशी? कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत निसर्गाने सोय करून ठेवली आहे. त्याला विद्युत द्विध्रुव आहे, त्यामुळे कंप पावणारा रेणू 4.7 मायक्रॉनच्या आसपास अवरक्त प्रकाश सोडतो. द्रव नायट्रोजनने थंड केलेला इंडियम अँटिमोनाइडचा संवेदक लावला की कंपन जागे होताना सरळ पाहता येते. हुकर आणि मिलिकन यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या कामात हा मूळ पट्टा आणि 2.3 मायक्रॉनजवळचा पहिला अधिस्वर पट्टा (एकदम दोन पायऱ्या उतरताना सुटणारा प्रकाश) असे दोन्ही पाहिले होते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन असा प्रकाश देत नाहीत. तिथे ब्लॅकमन यांनी 1956 साली केले तसे व्यतिकरणमापकाने (प्रकाशलहरींच्या पट्ट्या किती सरकतात ते पाहून) घनतेतला हळू बदल पकडावा लागतो, किंवा नंतर आलेल्या पद्धतीप्रमाणे लेझरची अरुंद शलाका घनतेच्या उतारावर किती वाकते ते मोजावे लागते.

अवरक्त प्रकाशाची एक खोड आहे. वायू जाड असेल तर एका रेणूने सोडलेला प्रकाश दुसराच गिळतो, आणि भिंतीलगतचा थंड थर त्यात आणखी भर घालतो. म्हणून वायू बरेचदा आर्गॉनमध्ये पातळ करून घेतात. हे सगळे सांभाळून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत मिळालेले शॉक ट्यूबचे आकडे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होते. यामुळेच नॉझलचे आकडे डोळ्यांत खुपले.

नॉझलची बाजू

बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत हर्ल, रुसो आणि हॉल यांनी 1964 साली नॉझलमधल्या नायट्रोजनचे कंपन-तापमान मोजले. शॉक ट्यूबच्या बंद टोकावरून परतलेल्या आघाताने वायू दोनदा तापतो. त्या तापलेल्या साठ्यातून तो नॉझलमध्ये सोडायचा. पसरताना धावण्याचे तापमान झपाट्याने कोसळते, टकरी विरळ होतात आणि कंपन मागे पडून कुठेतरी गोठते. मोजायची रीत सोडियमची रेषा-पालट. वायूत सोडियमचा अंश मिसळायचा. त्याच्या पिवळ्या रेषेचे उद्दीपन नायट्रोजनच्या कंपनाशी जोडलेले असते, त्यामुळे रेषा उजळ दिसते की काळी, हे तापमान माहीत असलेल्या दिव्यासमोर धरून कंपन-तापमान काढता येते. निकाल असा, की कंपन शॉक ट्यूबवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा लवकर निवते. कार्बन मोनॉक्साइडमध्ये हाच कल आणखी तीव्र दिसला.

पहिला संशय मोजणीवर जाणे रास्त होते, आणि त्यात तथ्यही होते. नॉझलमध्ये शिथिलनकाळ थेट दिसत नाही. मोजलेले कंपन-तापमान आणि संगणकाने काढलेली वक्ररेषा जुळेपर्यंत दर वरखाली करत जावे लागते. प्रवाह पुढे सरकतो तसे तापमान आणि घनता दोन्ही इतक्या वेगाने पडतात, की दर काही पटींनी बदलला तरी गोठण्याची जागा थोडीशीच सरकते. उलट बाजूने पाहिले तर कंपन-तापमानातली छोटी चूक दरात मोठ्या गुणकाच्या रूपाने बाहेर येते. पण तेवढ्याने शंभरपट निघत नव्हती, आणि चुका एकाच दिशेला का पडाव्यात हेही कळत नव्हते.

दुसरा संशय सैद्धांतिक आणि देखणा होता. खरा रेणू आदर्श दोलक नसतो; वरच्या पायऱ्या जवळजवळ येत जातात. थंड वायूत कंपन तापलेले असले की टकरीत रेणू एकमेकांना कंपनाचे पुंजके, म्हणजे एकेका पायरीएवढी ऊर्जा, देतात, आणि उरलेली थोडी ऊर्जा धावण्यात टाकत वरच्या पायऱ्या भरत जातात. ट्रेनर, रिच आणि रेम यांनी 1968 साली याची वाटणी काढून दाखवली. वरच्या पायऱ्यांवरून ऊर्जा सहज गळते, म्हणून निवताना वेग जास्त दिसू शकतो. तापतानाच्या शॉटमध्ये ही परिस्थिती येत नाही. चढणे आणि उतरणे वेगळे का, याला यातून एक खरेखुरे कारण मिळत होते. अडचण फक्त आकाराची होती. नॉझलमधल्या परिस्थितीत हा परिणाम हवा होता त्यापेक्षा फारच तोकडा पडत होता. देखण्या सिद्धांतावर सगळे ओझे टाकण्याचा मोह त्या काळच्या लोकांनी टाळला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

तिसरा संशय सर्वांत कंटाळवाणा: वायू स्वच्छ नव्हता.

किती अशुद्धी पुरे?

वायूतला दुसरा रेणू कंपनाला किती लवकर हलवतो, हे बहुतांशी त्याच्या हलकेपणावर ठरते. हलका रेणू वेगाने येतो, त्याची धडक थोडक्यात आटोपते आणि ताठ बंधालाही हिसका बसतो. मिलिकन-व्हाइट सूत्रात कार्बन मोनॉक्साइडचा जोडीदार म्हणून हायड्रोजन घातला, तर 2000 केल्विनला तो कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूपेक्षा सुमारे 220 पट प्रभावी निघतो. 1000 केल्विनला हेच गुणोत्तर 2800च्या घरात जाते. शुद्ध वायूचे शिथिलन थंडीत फारच मंदावते: 2000 केल्विनला 180 मायक्रोसेकंद-ॲटमॉस्फिअर, तर 1000ला जवळपास 10 मिलिसेकंद-ॲटमॉस्फिअर. हायड्रोजनबरोबरच्या टकरी मात्र तितक्या मंदावत नाहीत.

आता एकाच सिलिंडरमधला वायू दोन्ही उपकरणांत घालू. समजा त्यात हजारात एक भाग हायड्रोजन आहे. मिश्रणात प्रत्येक जोडीदाराचा दर त्याच्या वाट्याप्रमाणे मिळवायचा असतो. 2000 केल्विनच्या शॉटमध्ये शिथिलन 22 टक्क्यांनी वेगवान होईल. शॉक ट्यूबच्या आलेखात बिंदूंची नेहमीची विखुरणच एवढी असते, त्यात हे बुडून जाईल. नॉझलमध्ये वायू 1000 केल्विनवर आला असताना मात्र तेच शिथिलन जवळपास चौपट होईल. सिलिंडर तोच, अशुद्धी तीच. एकीकडे तिचा पत्ता लागत नाही आणि दुसरीकडे ती सगळा निकाल फिरवते.

रुसो यांनी स्वतःच 1967 साली कार्बन मोनॉक्साइडच्या मोजणीतले अशुद्धीचे महत्त्व दाखवले. आधीच्या निकालाशी नाव जोडलेले असताना त्याच निकालाची तपासणी आपणच करणे, ही गोष्ट दिसते तितकी सामान्य नाही.

तरीही हिशेब पुरा झाला नव्हता. चौपट म्हणजे शंभरपट नव्हे. हायड्रोजनच्या रेणूने तेवढा फरक पाडायचा, तर वायूत तो काही टक्के असावा लागेल, आणि इतका गलिच्छ वायू कोणी वापरत नव्हते.

गाठ सुटली ती हायड्रोजनच्या अणूपाशी. एव्हरेटच्या अॅव्हको प्रयोगशाळेत फॉन रोझेनबर्ग, टेलर आणि टीअर यांनी (हे टेलर 1936 च्या सिद्धांतातले नव्हेत) नॉझलमधल्या कार्बन मोनॉक्साइडचे शिथिलन आणि त्यावरचा हायड्रोजन अणूंचा परिणाम एकत्र तपासला. निबंध 1971 साली आला. अणू आणि रेणू यांच्या कामगिरीत केवळ हलकेपणाचा फरक नाही. हायड्रोजनचा अणू कार्बन मोनॉक्साइडकडे रासायनिक ओढीने खेचला जातो, क्षणभर फॉर्मिलसारखा (HCO) गुंता तयार होतो आणि सुटतो. त्या पकडीत कंपनाची ऊर्जा सहज बाहेर निघते. लांडाउ-टेलर चित्रातल्या दुरून लागणाऱ्या हिसक्याशी याचा फारसा संबंध नाही. म्हणूनच इथे तापमान उतरल्यावरही दर फारसा खाली येत नाही. अणू अगदी किंचित असले तरी पुरतात.

हे अणू आले कुठून, याचे उत्तर वायूच्या प्रवासात आहे. शॉक ट्यूबच्या दोन हजार केल्विनच्या शॉटमध्ये वायू थेट गार अवस्थेतून येतो. त्यातली पाण्याची वाफ किंवा व्हॅक्यूम पंपाच्या तेलाचा अंश त्या अल्पकाळात फारसा फुटत नाही. रेणू रेणूच राहतात. नॉझलमधला वायू मात्र आधी साठ्यात तीन-चार हजार केल्विन आणि काही वेळा त्याहून वर राहून आलेला असतो. तिथे तेलाच्या अंशातले हायड्रोकार्बन मोडतात, पाणी मोडते, हायड्रोजनचे अणू सुटतात. प्रसरणात त्यांनी पुन्हा जोडी जमवायची म्हटले, तर तीन कणांची एकत्र टक्कर लागते, आणि विरळ होत जाणाऱ्या प्रवाहात तशी टक्कर क्वचितच होते. अणू तसेच गोठून खाली येतात, कंपनासारखेच. म्हणजे दोन्ही उपकरणांत सुरुवातीला तोच वायू भरला, तरी मोजणीच्या जागी पोचेपर्यंत तो एक राहिलेला नसतो.

अशुद्धी आवरल्यावर नॉझलचे आकडे शॉक ट्यूबच्या दिशेने परतले. लांडाउ-टेलर समीकरणाला चढ-उतारासाठी दोन वेगळे शिथिलनकाळ देण्याची गरज उरली नाही. ट्रेनर-परिणाम, म्हणजे पुंजक्यांच्या देवघेवीने वरच्या पायऱ्या भरणे, खोटा ठरला असे मात्र नव्हे. तो खरा आहे आणि थंड, जोरात कंप पावणाऱ्या वायूंत, विशेषतः कार्बन मोनॉक्साइडच्या लेझरमध्ये, त्याचेच राज्य असते. या प्रकरणात तो निर्दोष सुटला, एवढेच.

आणखी एक गुन्हेगार

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत सिलिंडरही बिनदोष नसतो. पोलादी सिलिंडरमध्ये जास्त दाबाखाली हा वायू लोखंडाशी हळूहळू संयोग पावतो आणि आयर्न पेंटाकार्बोनिल तयार होते. ते वायुरूपाने बाहेर पडते, आघाताच्या मागे क्षणात फुटते आणि लोखंडाचे अणू मोकळे होतात. हेही अणू कंपन झपाट्याने निववतात. हा रस्ता जास्त त्रासदायक, कारण कार्बोनिल फुटायला फार तापमान लागत नाही; हायड्रोजनच्या अणूंपासून सुरक्षित वाटणारा साधा शॉटही इथे सापडू शकतो. वायू गार सापळ्यातून नेऊन कार्बोनिल गोठवून काढणे हा जुना उपाय आहे. अॅल्युमिनियमचा सिलिंडर वापरला तर प्रश्न मुळातच कमी होतो.

नळीच्या बाजूने काळजी घ्यायची ती कंटाळवाण्या प्रकारची आहे. भिंती तापवून त्यांना चिकटलेले पाणी काढायचे, तेलाचा अंश मागे फिरणार नाही असे पंप वापरायचे, आणि वायू भरण्याआधी नळी बंद ठेवून दाब किती वेगाने चढतो ते पाहायचे. या दाबवाढीवरून शॉटच्या क्षणी वायूत बाहेरचे किती मिसळलेले असेल, त्याची वरची मर्यादा काढता येते. 10 टॉर भरलेल्या नळीत हजारात एक भाग म्हणजे 10 मिलिटॉर. दाबवाढ मिनिटाला 1 मिलिटॉर असेल आणि वायू भरल्यापासून पडदा फाटेपर्यंत 10 मिनिटे गेली, तर वरच्या हिशेबातली अशुद्धी आपण स्वतःच तयार केलेली असते. जुन्या निबंधात हा आकडा दिलेला नसेल, तर मी कमी तापमानाच्या टोकाकडचे बिंदू आधी बाजूला ठेवतो. अशुद्धीचा घाला तिथेच सर्वांत मोठा पडतो.

आता नळीच्या आरपार 4.7 मायक्रॉनच्या पुढच्या पट्ट्यात क्वांटम कॅस्केड लेझर (अवरक्त प्रकाश देणारे अर्धवाहक लेझर) सोडतात. एक लेझर कंपनाच्या सर्वांत खालच्या पायरीवरून उठणाऱ्या रेषेवर, दुसरा पहिल्या पायरीवरून उठणाऱ्या रेषेवर लावला, की दोन्ही पायऱ्यांवरची लोकसंख्या स्वतंत्रपणे मोजता येते आणि कंपन-तापमान कोणत्याही मोघम मापाशिवाय मिळते. गोळा झालेल्या प्रकाशाची एकूण तीव्रता कशाच्या पटीत आहे, हा जुना वाद त्यात उरत नाही. हायड्रोजनचा किंवा लोखंडाचा अणू मात्र त्या दोन रेषांपैकी एकीवरही दिसत नाही. त्यासाठी दाबवाढीची नोंद पाहावीच लागते.